आईची पायपीट आणि भावाची सही

त्या हिवाळ्यात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं, तेव्हा चंद्रपूरकडच्या आमच्या मूल गावाहून आई जिल्ह्यातल्या बायकांसोबत दारूबंदी मागायला पायी निघाली. मी कॉलेजात होते, तिच्यासोबत गेले. बाबा दारूनं गेले होते आणि मोठा भाऊ त्याच वाटेला लागला होता. नागपुरात पोलिसांनी मोर्चा अडवला. काही जणींना विधानभवनात नेलं, निवेदन घेतलं, आश्वासन दिलं. "ऐकलं नं त्यायनं?" परतताना आई सारखी विचारत होती.

पुढे काही वर्षांनी जिल्ह्यात खरंच बंदी आली. आईनं त्या दिवशी खीर केली. काही महिने भाऊ सुधारल्यासारखा वागला. धानाच्या रोवणीला जायचा, सांजेला घरी जेवायचा. मग चोरीची दारू गल्लीगल्लीत यायला लागली. भावाचा जिवाभावाचा दोस्त तसलंच काहीतरी पिऊन मेला.

सरकार बदललं. बंदी ठेवायची की उठवायची, म्हणून समितीनं लोकांची मतं मागवली. आईनं पुन्हा घरोघर फिरून बायका गोळा केल्या. भावानं मात्र बंदी उठवा म्हणून सही केली. हे तिला शेजारणीकडून कळलं.

"काऊन केली रे?"

"माहा दोस्त बंदीतच मेला नं, आई. दुकानातली पेला असता तं वाचला असता."

"तुह्या बापानं दुकानातलीच पेली होती."

तो ताटावरून उठून गेला.

बंदी उठली. दुकान उघडलं त्या दिवशी रांगेत भाऊ होता. नंतर त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे पडले. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याचा जीव गेला तेव्हा आई त्याचे पाय चोळत होती. ती थांबेचना, नर्सनं तिचे हात धरून बाजूला केले.

वर्षश्राद्ध झाल्यावर वॉर्डातल्या बायका आल्या. कायद्यानं बायकांच्या मतदानावर वॉर्डातलं दुकान बंद करता येतं, बाई, तुम्ही पुढे व्हा, म्हणाल्या.

आईनं सगळ्यांना चहा दिला. मग म्हणाली, "बंद करा म्हणू तं त्याचा दोस्त दिसते. चालू ठेवा म्हणू तं माहा पोरगा दिसते. मले नाई समजत आता."

मतदानाला घरून मी एकटीच गेले आणि दुकान बंद करायच्या खुणेवर, आडव्या बाटलीवर, शिक्का मारला. मतं कमी पडली. दुकान अजून चालू आहे.