मालपेच्या बेटावर उतरताना

आधीच सांगते – भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. जाऊबाई ताईत घेऊन आल्या तेव्हा त्यांना चहा पाजून ताईतासकट परत पाठवलं मी. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचतानाही वाटायचं, काय एकेक थापा मारतात लोक! पण गेल्या हिवाळ्यात...

आम्ही बेंगळुरूचेच, राहायला के. आर. पुरमला. ह्यांचं शिवाजीनगरात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. मालपे बंदरासमोरचं समुद्रातलं बेट दाखवतो, असं लग्नापासून म्हणायचे; दर वर्षी काहीतरी काम निघायचं. शेवटी एका सकाळी मी भांडले. "तुमच्याबरोबर कुठे जाणं माझ्या नशिबातच नाही!" ते डबा उचलून दुकानात गेले. दुपारी तिथेच छातीत कळ आली. संपलं. माझे शेवटचे शब्द हे! तीन वर्षं तडफडतेय मी त्या शब्दांसाठी.

मग मुलगा, निखिल, म्हणाला, "आई चल, मी नेतो."

सकाळचे अकरा, लख्ख ऊन. बोटीतून शेवटी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. निखिल चपला घेऊन पुढे गेला. मी बोटीचा काठ धरून उभी, नजर खाली पाण्यात... तेवढ्यात खांद्यावरच्या पर्सचा पट्टा पुढे ओढला गेला. आमचं एकत्र कुटुंब. थोरल्यांसमोर हात धरायची सोय नव्हती. म्हणून रस्ता ओलांडताना हे नेहमी पर्सचा पट्टा धरून मला न्यायचे. मीही सवयीने ओरडले, "अहो, स्वल्प हळू! पडेन ना मी!"

ओढ लगेच सैल झाली. मग सावकाश, पार कोरड्या वाळूपर्यंत.

निखिल धावत आला. "एकटी कशी उतरलीस? आणि ओरडत कुणावर होतीस?"

मी वर पाहिलं. समोर निखिलशिवाय कुणीच नव्हतं. लोक काळ्या खडकांपाशी फोटो काढत होते. मी वाळूत बसून रडले. बायकोला बेट दाखवायला माणूस एवढ्या लांबून आला, आणि माझ्या मेलीच्या तोंडून पुन्हा ओरडाच निघाला! चुकलं हो माझं, एवढंच म्हणायचं होतं. मग बेटभर हिंडले, प्रत्येक खडकामागे वाकून पाहिलं.

"काय शोधतेस?"

"काही नाही रे... शिंपले."

निखिल म्हणतो, लाटेने ओढलं असेल. असेल बाई. पण लाट 'हळू' म्हटलं की ऐकते का?

परतीच्या बोटीत मी बाकावर शेजारी जागा ठेवली. एका बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, इथे कुणी येणार आहे का?

"हो, येतायत," मी म्हटलं.

बिचाऱ्या उभ्याच राहिल्या. कुणी आलं की नाही, सांगता यायचं नाही. मी मात्र मालपे येईपर्यंत अंग चोरून बसले.