लोककथेचं पाकीट

माझी बायको माझ्या पोटातलं बहुतेक सगळं काढून घेते — पण हे तिच्याही हाती कधी लागलं नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं पुरे.

ऐंशीच्या दशकात मी गोंडपिपरीच्या एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल होतो. दोन खोल्या, सात कपाटं आणि दुपारी पेपर वाचायला येणारे चार रिटायर्ड गुरुजी. त्यातलं एक कपाट माझं लाडकं — अद्भुत कथांचं. मी त्याचे कप्पे पाडले होते आणि प्रत्येक कप्प्याला रंगीत कागदाची पट्टी चिकटवली होती. परीकथा गुलाबी. तलवारी, राक्षस, पराक्रम — लाल. भुताखेतांची पट्टी जांभळी. ज्यांत सगळं जगच नवं, नकाशासकट, त्या निळ्या. आणि आपल्या रोजच्या जगात एकच अशक्य गोष्ट घडते, बाकी सगळं जसंच्या तसं राहतं — त्या पिवळ्या. पिवळा कप्पा जवळजवळ रिकामा होता. लोककथा या कपाटात नव्हत्याच. त्या दारामागच्या रॅकवर. त्यांना लेखक नसतो, मग त्यांना इथे जागा कशाला? — असा मी शहाणा.

मी स्वतःही लिहायचो. सगळं निळं. सात समुद्र, तीन चंद्र, पंख फुटलेले घोडे. नागपूरला पाठवायचो, साभार परत यायचं. पुढे पुढे तर पाकीट देताना पोस्टमनच नजर चुकवायचा.

शेवंता मडावी जंगलातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिकवायच्या. गोंड घरातल्या, त्याच गावच्या. बाजाराच्या दिवशी बसने यायच्या. पिशवीत खाली भाजी, वर दोन पुस्तकं. दीड वर्षात त्यांनी ते अख्खं कपाट वाचून काढलं, आणि वाचून गप्प बसत नसत. एकदा म्हणाल्या, "भाऊ, पुस्तकातले राक्षस येवढ्या दूर काऊन राह्यते? आमच्याकडं तं सारं भेव घराच्या मागंच हाये." मी हसलो. घरी जाऊन माझी वही उघडली, तर माझा राक्षस मलाच खोटा वाटायला लागला. पोटात दुखायला सुरुवात तिथूनच झाली — पण मी स्वतःची समजूत घातली, की बाईंना अजून वाचनाचं वळण नाही.

मग एक दिवस त्यांनी वही आणली. वहीत एकच गोष्ट.

जंगल खात्याची माणसं तोडायच्या झाडाची साल थोडी तासतात आणि तिथे डांबराने नंबर टाकतात. आमच्याकडे हे सगळ्यांच्या डोळ्यांखालचं. बाईंच्या गोष्टीत एका दुपारी, मोहफुलं वाळत घालून गाव आडवं झालेलं असताना, झाडं गावात येतात आणि माणसांची मोजणी करून जातात. पाठीवर नंबर, डांबराचा. स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही. दुसऱ्याची दिसते, पण कुणी बोलत नाही. गाव नेहमीसारखंच पाणी भरतं, चुली पेटवतं. शेवटी एक बाई न राहवून शेजारणीला विचारते, माया पाठीवर काय लिवलं हाये? शेजारीण बघते आणि म्हणते, "काईच नाई." संपली गोष्ट. ती बाई वाचली — की तिला कुणी मोजलंच नाही?

मी ती काउंटरपाशी उभ्यानेच वाचली. आनंद व्हायला हवा होता ना मला? ज्या कप्प्यासाठी मी वर्षानुवर्षं पुस्तकं शोधत होतो, त्यात ठेवण्याजोगी गोष्ट माझ्याच टेबलावर आली होती. मला मत्सर वाटला. सरळच सांगतो — मत्सर. बाई समोर बसून पाणी पीत होत्या आणि मला त्यांचा तो शांत चेहरा बघवेना. मी तीन चंद्र उगवून थकलो होतो, आणि या बाईने एक डांबराचा डबा घेऊन मला गार केलं होतं. "बरी आहे," मी म्हणालो.

त्याच सुमारास नागपूरच्या एका मासिकाचं पत्र आलं. अद्भुतकथांचा विशेषांक होता. तुमच्या भागातलं लेखन पाठवा, नव्या कथा एका पाकिटात, लोककथा दुसऱ्या. सोबत छापील फॉर्म. नव्या कथेच्या फॉर्मवर 'लेखक' असा रकाना, लोककथेच्या फॉर्मवर त्या जागी 'संकलन'. बाई म्हणाल्या, "मायं अक्षर चांगलं नाई भाऊ, तुमीच उतरवून धाडून द्या." आणि वही ठेवून बसला गेल्या.

मी दोन दुपारी खर्चून ती गोष्ट उतरवली. सुंदर अक्षरात. आणि ती लोककथेच्या पाकिटात घातली. संकलन — माझं नाव.

हे किती सोपं होतं, सांगू? मडावी आडनाव, जंगलातलं गाव, चालणारी झाडं. ही गोष्ट बाईंनी स्वतःच्या डोक्यातून काढली असेल, असं नागपुरात कुणाच्या मनातही येणार नव्हतं. त्यावरच तर माझी भिस्त होती. अडचण एकच — जुन्या गोष्टीत डांबराचे नंबर कुठून येणार? मग नंबर काढून मी गेरूचे ठिपके घातले. शेवट कापला. ठिपके लागलेलं सगळं गाव झाडांभोवती फेर धरून नाचतं, असं लिहून टाकलं. माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरी येऊन आम्हा भावंडांना पहिल्यांदा काय करायला लावलं असेल, तर पाटीवर आपापलं नाव लिहायला. नावाची किंमत मला ठाऊक नव्हती का?

नव्या कथांच्या पाकिटातून पाठवलेली माझी निळी कथा परत आली. बाईंची छापून आली.

अंक त्यांनी काउंटरपाशी वाचला. दोनदा. मग म्हणाल्या, "भाऊ, हे तं मी लिवली होती ना?" मी म्हणालो, छापणाऱ्यांची चूक झाली बाई, आजच पत्र टाकतो. टाकलं नाही. पुढचे तीन बाजार त्या विचारत राहिल्या, उत्तर आलं का? चौथ्या बाजारी मी उत्तर बनवलं. म्हणालो — ते म्हणतात, अशी गोष्ट तुमच्या लोकांत पूर्वीपासून असणारच. लोककथेला लेखक नसतो.

त्या पिशवीच्या कडेशी चाळा करू लागल्या. मग म्हणाल्या, "मंग आजीनं सांगितली असंन काय मले... अन् मीच इसरली असंन?"

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर? अजून काही बिघडलं नव्हतं. मी म्हणालो, "असंल बाई. होतं असं."

एखाद्याची वही चोरणं वेगळं. मी त्यांना त्यांच्याच डोक्याबद्दल शंका घ्यायला लावली — आणि खरं सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं. त्या दिवशी त्यांच्या पिशवीत आणखी एक वही होती. तिची कड मला दिसत होती. ती त्यांनी बाहेर काढली नाही, आणि मीही मागितली नाही. पुस्तकं त्या पुढेही नेत राहिल्या. वही पुन्हा कधी आणली नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या शाळेच्या कार्यक्रमाला मला पाहुणा म्हणून बोलावलं. पोरांनी ती गोष्ट नाचून दाखवली, गेरूचे ठिपके लावून. हेडमास्तर माईकवर म्हणाले, आपल्या पूर्वजांची ही कथा, या साहेबांनी शोधून काढली. हार मला घातला. तो आणून द्यायचं काम मडावी बाईंकडे होतं. त्यांनी तो हेडमास्तरांच्या हातात दिला आणि बाजूला उभं राहून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

पूर्वजांची नव्हे. ती गोष्ट शेवंता मडावी यांनी लिहिली. त्यात ठिपके नव्हते, नंबर होते. नाच नव्हता. शेवटी एक बाई विचारते, माया पाठीवर काय लिवलं हाये? आणि दुसरी बघून सांगते — काईच नाई.