चंद्र वरून निसटायचा

माझ्या सासऱ्यांना कंपवात होता. हात थरथरायचे ते थरथरायचेच, पुढेपुढे मानही हलायला लागली. मामंजींना चंद्रावरचे खड्डे बघायची फार हौस, म्हणून यांनी ठाण्याच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून, सुट्टीसुट्टीला आरसा घासून दुर्बीण बनवलेली. पण व्हायचं काय, की त्यांना डोंबिवलीच्या आमच्या गच्चीवर आणून, स्टुलावर बसवून, डोळा भिंगापाशी नेईपर्यंत पाचसात मिनिटं जायची. तोवर चंद्र सरकून गेलेला. नळी सरकवायला हात लावला की हाताबरोबर नळीही थरथरणार. "दिसलं, दिसलं," म्हणायचे बिचारे. मला कळायचं, काही दिसलेलं नाही.

म्हणून घरात कॉम्प्युटर आला. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. बिस्किटाच्या डब्याएवढा, टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्राम भरायचा तो टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून. यांच्या साहेबांनी नवा घेतला, जुना आम्हाला स्वस्तात दिला. दुर्बिणीला मोटर बसवली. मोटरने किती वळायचं ते हा डबा सांगणार, म्हणजे चंद्र जाईल तिकडे दुर्बीण आपणहून जाईल, कुणी हात लावायला नको. आम्ही शेवटच्या मजल्यावर, त्यामुळे वायर खिडकीतून सरळ वर नेली.

टाइप करायचं काम माझं, कारण लग्नाआधी मी टायपिंगचा क्लास केलेला. मासिकात प्रोग्राम छापून यायचे. सुरुवातीला मी नुसती बोटं चालवायचे. मग हळूहळू कळायला लागलं, ही ओळ मोटरला चल म्हणते, ही थांब म्हणते. कुणी शिकवलं नाही हो, चुका करकरून शिकले.

तर सगळं जुळवलं, आणि चंद्र पाच मिनिटांत बाहेर. हे म्हणाले, "वेग चुकतोय. आकडा बदल." बदलला. पुन्हा बाहेर. पुन्हा बदलला. महिनाभर हेच. मामंजी म्हणायचे, "सूनबाई, राहू दे गं. चंद्र कुठे पळून जातोय?" चंद्र नव्हता जात, पण त्यांची मान दर महिन्याला जास्त हलत होती. पुढच्या वर्षी भिंगाला डोळा लावता येईल की नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं.

एकदा माझ्या लक्षात आलं, चंद्र पुढून नाही जात, वरून निसटतो.

"अहो, वेग कमी असेल तर तो पुढून जाईल ना? वरून कसा जाईल?"

"तू टाइप कर."

केलं टाइप. पण डोक्यातून जाईना.

दुर्बिणीची बैठक, म्हणजे ती ज्यावर फिरते तो स्टँड, बरोबर उत्तरेला तोंड करून लावावी लागते, नाहीतर वेग बरोबर असूनही चंद्र वरखाली निसटतो. यांनी ती गच्चीच्या कठड्याला समांतर लावलेली, कारण घर पूर्वाभिमुख. बिल्डरनेच तसं सांगितलेलं, आणि त्या भरवशावर आम्ही देवघरही मांडलेलं.

शिवरात्र झाल्यावर मी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालत होते. बैठकीच्या पाइपाची सावली पापड्यांवर यायची, म्हणून माझं सारखं लक्ष. सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती नेमकी उत्तरेला पडते, हे मासिकात वाचलेलं. मग मी पापड्यांच्या पिठात बोट बुडवून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी ठिपका द्यायला लागले. घड्याळात एक वाजत आला तेव्हा ती सर्वांत आखूड झाली. आणि कठड्याच्या रेषेपासून चांगली तिरकी होती.

संध्याकाळी हे आले. "अहो, घर वाकडं आहे," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"आपलं. पूर्वेला नाहीये ते."

वर येऊन वाळलेले ठिपके बघितले. मग म्हणाले, "म्हणजे देवही वाकडे बसलेत?"

"देवांचं नंतर बघू. आधी बैठक फिरवा."

अष्टमीला, दिवेलागणीनंतर, अर्धा चंद्र लावला, प्रोग्राम सुरू केला आणि मामंजींना आणलं. सावकाश आणलं, मुद्दाम. स्टुलावर बसवलं, पाठीला उशी दिली. मान हलत होती, डोळा भिंगावरून जात होता, येत होता. चंद्र मात्र तिथेच. दहा मिनिटं झाली तरी तिथेच. हळूहळू त्यांनी कपाळ नळीच्या कडेला अलगद टेकवलं, तशी मान जरा ठरली.

एव्हाना शेजारच्या दोघी वर आलेल्या. एक म्हणाली, "आजोबा, आम्हालाही दाखवा की."

"थांबा," मामंजी डोळा न काढता म्हणाले. "मी आत्ता कुठे मधल्या खड्ड्यांपर्यंत आलोय."