रोलाचा पहिला नंबर

धानाच्या मुलखातल्या गोरेगावचा भैय्यालाल फोटोवाला कॅमेऱ्यात रोल भरायला बसला की घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. आधी तो साबणानं हात धुवायचा. मग गोठ्याच्या सावलीत उन्हाकडे पाठ करून बसायचा, श्वास रोखायचा आणि डोळे मिटून रोलाच्या कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत घालायचा. रोलाला उजेड लागू नये हे ठीक, पण त्यासाठी डोळे कशाला मिटायचे, हे त्याची बायको जमुनाबाई दहा वर्षं विचारत होती. झाकण लागून मागच्या लाल काचेत एकचा आकडा आला, की तो कॅमेरा तिच्याकडे वळवून खटका दाबायचा.

हा नंबर वाया घालवायचा असे. अठ्ठेचाळीस साली त्याच्या पहिल्याच रोलाचा पहिला फोटो, तोही नवरदेवाचा, उजेड लागून पार गेला होता. तेव्हापासून पहिला नंबर गिऱ्हाइकाला द्यायचा नाही हे त्यानं ठरवून टाकलं. घरचं माणूस होतंच. जमुनाबाई शेण काढत असो की धान पाखडत असो, खटका वाजायचा. रोल धुऊन झाला की तो पहिला तुकडा कात्रीनं कापून, न बघता चुलीत टाकायचा.

अठ्ठावन्न साली सडक अर्जुनीहून जमुनाबाईच्या म्हाताऱ्या आईचा निरोप आला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, नजर आहे तोवर लेकीचा एक फोटो पाठवा. आता फोटोवाल्याच्या घरात बायकोचा एकही फोटो नव्हता. भैय्यालाल 'पाहू' म्हणाला, कारण नव्या रोलाच्या आठ नंबरांपैकी सात एका लग्नघराला कबूल केले होते. पहिला तर आपलाच, बिघडला तर बिघडला, असं मनाशी म्हणत जमुनाबाई लग्नातलं लुगडं नेसून, गळ्यात सरी घालून गोठ्याजवळ बसली.

रोल भरून भैय्यालालनं डोळे उघडले. बायको एवढी सुरेख दिसतेय, हिला वाया कशाला घालवायची, असा विचार करून त्यानं मोठ्या मायेनं कॅमेरा म्हशीकडे वळवला आणि खटका दाबला.

"अजी, शेण काढतानी माझा फोटो, अन् नटून बसली तं म्हशीचा काऊन?" म्हणता म्हणता जमुनाबाईला रडू आलं.

भैय्यालाल गडबडला. लग्नघराला सहाच देऊ म्हणत त्यानं दुसरा नंबर तिला दिला. रोल धुऊन झाल्यावरही ती दारातून हलेना. आपला फोटो पाहिल्याशिवाय कात्री लावायची नाही, असं तिनं बजावलं आणि ओला रोल स्वतःच उजेडात धरला. ती छान आली होती. तिच्या शेजारी पहिल्या नंबरात म्हैस होती, निगेटिव्हमध्ये पांढरीशुभ्र, कानावरचा केस न् केस स्पष्ट.

म्हणजे पहिला नंबर बिघडतच नव्हता. भैय्यालालच्या काळजात चर्र झालं. पंचविशीतली जमुना, कडेवर लेक घेतलेली जमुना, तापातून उठलेली जमुना, सगळी त्यानं आपल्या हातानं चुलीत टाकली होती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आईला फोटो पोचला. पुढच्या रोलाला लाल काचेत एकचा आकडा आला, तेव्हा जमुनाबाई गोवऱ्या थापत होती. ती लगबगीनं हात धुवायला उठली.

"राहू दे वं," भैय्यालाल म्हणाला. "तशीच बस."

ती बसली. त्यानं खटका लगेच दाबला नाही. आधी तिच्याकडे नीट पाहून घेतलं.