अक्कांनी राखलेली पूररेषा

गिरणेचा पूर ओसरल्यावर भडगावच्या खालच्या अंगाला आम्ही नदीपात्राची मोजणी करत होतो. पुराने कुठली वाळू नेली, कुठे गाळ टाकला आणि बाभळींनी भरलेला नदीचा जुना फाटा पाणथळ म्हणून पुन्हा जिवंत करता येईल का, हे पाहायचे होते. पाणी किती चढले की ते फाट्यात शिरते, हे कळणे त्यासाठी आवश्यक होते. फाट्याच्या तोंडाशी एकच घर होते. त्याच्या पुढच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला पुराने गाळाची सरळ रेघ सोडली होती.

त्या दिवशी उंची मोजायचे लेव्हलचे यंत्र दुसऱ्या तुकडीकडे होते. घरातल्या अक्कांना मी हात जोडून सांगितले, "मी माप घेईपर्यंत एवढी भिंत धुऊ नका."

पुढच्या आठवड्यात पुलाच्या खांबावर पुराची स्पष्ट खूण सापडली. आमचे काम भागले. धुळ्याच्या कचेरीत बसून मी नकाशे काढू लागलो आणि ती भिंत डोक्यातून गेली. खूण राखायला सांगणे आमच्या कामाच्या पद्धतीत बसते. ती आता नको, हे कळवायला जाणे बसत नाही. मीही कधी ते बसवून घेतले नाही.

दिवाळी उलटल्यावर फाट्यातल्या गाळाचे नमुने घ्यायला परत गेलो. घर चुन्याने पांढरेशुभ्र झाले होते. फक्त दारालगतचा हातभर रुंद पट्टा तसाच मळका होता आणि त्यात ती रेघ होती.

"या भाऊ, तुमनी रेघ जशीनी तशी शे," अक्का म्हणाल्या. "बठ्ठं घर चुनाघाई पोतं, तेवढं सोडी दिधं."

ओट्यावर बसलेले त्यांचे यजमान, आबा, दिवाळीला आलेल्या पाहुण्यांचे आठवून हसले. "दिवाईले पाव्हना वनात. म्हणे, आबा, घरवर नदीनी सही करी का?"

"हासा तुम्ही," अक्का त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बरं जयं तुम्ही वनात. उद्या पोरले दखाले पाव्हना येतीन. आज माप ल्या, मी लगेच चुना मारस."

मुलीला पाहायला येणाऱ्यांच्या नजरेसमोर तो पट्टा राहू नये, म्हणून त्या माझी वाट पाहत होत्या. बादलीत चुना कालवलेला होता.

या खेपेला यंत्र सोबत होते, ते मी लावले. आबांनी हौसेने मापाची पट्टी रेघेवर धरली. भिंगातून आकडे स्वच्छ दिसत होते. एक वाचून मोठ्याने सांगितला असता, तर सगळे सुखाने पार पडले असते. अक्कांचा मान राहिला असता आणि माझाही. मी बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभा राहिलो.

"कितीन वनं?" आबांनी विचारले.

"अक्का," मी म्हणालो, "हे माप आता लागत नाही. पुलावर मिळाले होते. तुम्हाला सांगायचे राहिले."

आबांनी पट्टी खाली घेतली. ते आता हसले नाहीत. अक्कांनी पांढऱ्या भिंतीकडे पाहिले, मग पट्ट्याकडे.

"मंग दिवाईना पहिले सांगाले जोयजे व्हतं, भाऊ."

आवाज चढलेला नव्हता. मला तो चढलेला चालला असता.

त्यांनी आतून विळा आणला आणि त्याच्या पाठीने रेघ खरवडायला सुरुवात केली. वाळलेल्या गाळाच्या खपल्या खाली पडू लागल्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरच्या, नमुन्यांच्या पिशवीवर गेली.

"हाई माती बी लागस का तुमले?"

"नको, अक्का."

मी पिशवी ओट्यावर ठेवली, खुरपे काढले आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडून खरवडू लागलो. आमच्या भागात पाहुण्याने कामाला हात लावला, की घरचे माणूस लगेच "राहू द्या" म्हणते. अक्का तसे म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त चुन्याची बादली पायाने माझ्या बाजूला सरकवली.