बाहेरून परतलेल्या पेशी

पिशवी दह्याच्या पाकिटाएवढीच होती. माझी भाची मुग्धा पलंगावर पडून होती आणि मी मास्क लावून दाराशी उभा होतो. केमो घेऊनही तिच्या रक्ताचा कॅन्सर दोनदा उलटला होता. म्हणून महिन्यापूर्वी तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथं त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवलं. आज त्या परत आल्या होत्या.

नर्सनं पिशवीवरचं नाव दोनदा वाचलं. ती नळीला जोडणार, तोच मुग्धाची आई, माझी ताई, पुढं झाली. बाहेरगावाहून कुणी आलं की दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकायची तिची सवय. इथं बाहेरचं अन्न आणायला बंदी. तिनं रिकामेच हात पिशवीभोवती फिरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली.

"मावशी, पिशवीला हात लावू नका हं," नर्स म्हणाली.

"नाही लावत. पण बाहेरून आल्यात, तशाच कशा आत घेऊ?"

मुग्धा हसली. "आई, माझ्याच आहेत गं त्या."

"आजारही तुझ्याच रक्तातला आहे."

खरंच होतं ते. परका आला तर शरीर चटकन ओळखतं. घरातलाच कुणी फिरला, तर त्याला ओळखायला बहुधा एकदा घराबाहेर जाऊन यावं लागतं.

गुण येतो की नाही, हे कळायला अजून महिना होता. पिशवी रिकामी झाली. नर्सनं ती सलाइननं विसळून तेही आत सोडलं.

"एखादी मागं राहिली नाही ना?" ताईनं विचारलं.

नर्सनं पिशवी उजेडाकडे धरून पाहिली. "नाही मावशी. सगळ्या घरी पोचल्या."