बॉयलरवाल्याचं वरण

आमच्या हिनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते चादर पिळायचं. गॅलरीत ती एका टोकाला, मी दुसऱ्या. पस्तीस वर्षं संसार झाला तरी ती फिरवायची त्याच अंगाला मी फिरवायचो, त्यामुळे चादर नुसती गरगरायची आणि पाणी थेंबभर गळायचं नाही. "उलटी पिळा हो, उलटी!" ती ओरडली. मी उलटी पिळली. नेमक्या त्याच वेळी तिनंही उलटी पिळली. (हे आमचं नेहमीचं.) दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर जिना चढेपर्यंत ती गेली. चादर दोरीवरच होती. अजून ओली.

पण मी रडगाणं लिहायला बसलेलो नाही. माझं शिक्षण मराठी तिसरी, त्यात रडगाणं बसत नाही. मी सांगतोय ते कुकरचं. लालबागच्या नाक्यावर लोक अजून विचारतात, "काय बाबा, पुढचा बाँब कधी?" त्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी गिरणीत बॉयलरवर फायरमन होतो. फायरमन म्हणजे आग विझवणारा नव्हे, आग घालणारा. बंगल्याएवढा बॉयलर आणि त्याच्या तोंडात फावड्यानं कोळसा, सत्तावीस वर्षं. मग मालकांनी तेलावरचा बॉयलर आणला. आठ जणांचं काम एक माणूस खुर्चीवर बसून, काचेतल्या काट्याकडे बघत करायला लागला. सात जण घरी. मी त्या सातांतला. तेलाचा बॉयलर वाईट होता असं नाही हां, खोटं कशाला बोलू? राख नाही, धूर कमी. खुर्चीवरचा तो माणूस खोकतसुद्धा नाही. मी अजून खोकतो. सुधारणा चांगलीच असते. फक्त ती येते आणि आपल्याच जागेवर बसते.

आमच्या घरात सुधारणा आणली ती हिच्या भावानं. तो बोटीवर खलाशी. विलायतेहून बहिणीला एखादं लुगडं आणेल, अत्तर आणेल, तर या बाबानं आणला प्रेशर कुकर! जाडजूड भांडं, झाकणाला रबर आणि वर डोक्यावर शिट्टी. अख्खी चाळ बघायला लोटली. शेजारच्या सावित्रीवयनीनं भांड्याला हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्या शिट्टीला ती घाबरून पळाली, ते वेगळं.

मी नाक मुरडलं. पण शेगडीवरचं दीड तासाचं रांधप अर्ध्या तासात होऊ लागलं. उरलेल्या तासाचं ही काय करायची? मोर्च्याला जायची! तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं, दर चार दिवसांनी परळपासून बायकांचा मोर्चा निघायचा.

"जेवाण?" मी विचारायचो.

"कुकरात आसा."

"मग वाढ."

"मी इल्यार वाढतलंय. तुमी हात लावू नकात. ह्यो काय गिरणीचो बॉयलर न्हय!"

आणि पायात वहाणा घालून, 'झालाच पाहिजे' करत ती जिन्यानं खाली. विलायतेच्या भांड्यामुळे चळवळीला एक बाई जास्त मिळाली आणि मला गार वरण. महाराष्ट्र मिळो न मिळो, ती घरी येईपर्यंत मला जेवण मिळायचं नाही.

ती गेल्यावर महिनाभर कुकर फळीवर पडून होता. चहा सावित्रीवयनी द्यायची, दोन वेळचं पानही तीच पाठवायची. मग माझा मुलगा दत्ताराम आणि सून शालिनी अंबरनाथहून आली. दत्त्या तिथं कारखान्यात कारकून आहे. बसल्या बसल्या म्हणाला, "बाबा, ही खोली सोडा. आमच्याकडे चला. इथं तुम्हाला कोण करून घालणार?"

"मी."

"तुम्ही?"

शालिनीनं तोंडाला पदर लावला. शोकानं नव्हे.

"सत्तावीस वर्षं वाफ काढली मी," मी म्हणालो. "अख्खी गिरणी चालायची माझ्या वाफेवर. मला वाटीभर डाळ शिजवता येणार नाही?"

"अहो बाबा, चहासुद्धा तुम्हाला शेजारून येतो!"

हे खरं होतं, म्हणून मी आवाज चढवला. खरं कारण वेगळंच होतं. आमच्या खोलीत खिडकीजवळच्या भिंतीला तेलाचा डाग आहे. ही तिथं डोकं टेकून बसायची, रोज, निवडताना, शिवताना, भांडताना. पस्तीस वर्षांच्या खोबरेलाचा तो डाग. अंबरनाथच्या भिंती नव्याकोऱ्या. पण असलं काही मुलाला सांगता येतं होय? त्यापेक्षा भांडणं सोपं.

"येत्या रविवारी दोघं जेवायला या," मी म्हणालो. "पानात गरम वरणभात पडला तर मी इथंच राहणार, पुन्हा विषय काढायचा नाही. नाही पडला तर गपगुमान ट्रंक उचलतो."

"कबूल?"

"कबूल!"

रविवार उजाडला. मी डाळ धुतली, तांदूळ धुतले, हळद टाकली, कुकर लावला. स्टोव्हला असा पंप मारला की ज्योत निळीशार. थोड्या वेळानं शिट्टी फुसफुसायला लागली. आणि तिथं माझ्यातला फायरमन जागा झाला.

वाफ फुकट चालली होती! बॉयलरवर कुठं वाफ गळाली की आमचा मुकादम आईबाप काढायचा. आणि एक गुपित सांगतो. खात्यातून "स्टीम द्या, स्टीम द्या" अशी बोंब आली की आम्ही झडपेवर तारेनं वीट बांधायचो, म्हणजे वाफ आत कोंडते आणि जोर वाढतो. नियमात बसत नव्हतं. साहेब यायचा दिसला की सोडायचो. सत्तावीस वर्षांत काही झालं नाही. (एकदा झालं. पण तेव्हा माझी पाळी नव्हती.)

तर मी कुकरची शिट्टी तारेनं आवळून भांड्याच्या दोन्ही कानांना बांधली. मग रबराच्या कडेनं जरा सूं सूं होत होतं, तिथं कणीक भिजवून थापली. झाकणावर एक छोटं भोक होतं, ते कशाला ठेवलंय कोण जाणे, त्यातही कणीक कोंबली.

कुकर एकदम गप्प झाला. फुस नाही की फास नाही. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. या घरात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं होतं!

तेवढ्यात जिन्यात दत्त्याचा आवाज आला. मी ऐटीत गॅलरीत गेलो. दत्त्या वर आला, मागून शालिनी, तिच्या हातात केळ्यांची पिशवी.

"बाबा, वास तर चांगला येतोय," दत्त्या म्हणाला.

"येणारच! वाफ कोंडायला अक्कल लाग—"

ढ्ढाम्!

आता त्या दिवसांत लालबाग-परळात असा आवाज झाला की कुणी विचारत बसायचं नाही, कसला आवाज. चाळीनं गोळ्या ऐकल्या होत्या, अश्रुधूर खाल्ला होता. काय करायचं ते शेंबड्या पोरालासुद्धा पाठ. सावित्रीवयनीनं पहिली किंकाळी फोडली, "गोळी झाडल्यानी रे!" धडाधड दारं लागली. दत्त्या गॅलरीत पालथा झाला, त्याच्यावर शालिनी, शालिनीखाली केळी. आणि माझ्या दारातून पांढऱ्या वाफेचा हा एवढा लोट बाहेर आला.

"अश्रुधूर! अश्रुधूर सोडला!" खालून चाळकमिटीचा शंकर ओरडला. "कुणी उभं राहू नका! ओली फडकी घ्या! कांदे फोडून नाकाला लावा, कांदे!"

"अरे शंकऱ्या, वरण आहे ते!" मी ओरडलो.

"बाबा, आडवे व्हा! गोळीला वय दिसत नाही!"

बावीस बिऱ्हाडांत एकदम कांदे फुटले. एवढे कांदे फुटल्यावर काय होणार? सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "बघा, डोळे चुरचुरतायत! म्हणजे अश्रुधूरच!" शंकर रडत रडत म्हणाला. मग लोकांनी आणखी कांदे फोडले.

नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होतीच. त्यांनाही आवाज ऐकू गेला. चाळीला वाटलं पोलिसांनी गोळी झाडली आणि पोलिसांना वाटलं चाळीनं बाँब फोडला! एक हवालदार चार शिपाई घेऊन धाडधाड वर आला.

"कोणी फोडला बाँब?"

"बाँब नाही, साहेब. वरण."

"कुठाय वरण?"

मी वर बोट केलं. हवालदारानं मान वर केली. या तुळईपासून त्या तुळईपर्यंत पिवळं छत. नेमका त्याच घडीला एक गोळा सुटला आणि त्याच्या गालावर बसला. त्यानं बोटानं पुसला, हुंगला, आणि पोलिसाचा धर्म म्हणून जिभेला लावून बघितला.

"मीठ नाही," तो म्हणाला.

मीठ राहिलंच होतं.

मग कोपऱ्यात त्याला झाकण सापडलं. झाकणाला लटकलेली तार. त्याचे डोळे बारीक झाले. "ही तार कशाला?"

"वाफ कोंडायला."

"आणि हे भोक कणकेनं बुजवलेलं?"

"तेपण मीच."

"म्हणजे मुद्दाम केलंय! पंच बोलवा!"

पंच म्हणून शंकर आला आणि त्याच्यामागे सगळा मजला. बायका, बाप्ये, म्हातारे, सगळ्यांचे डोळे लाल, नाकं गळतायत, पदरानं पुसणं चाललंय. हवालदारानं ते बघितलं आणि तो एकदम बिचकला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हळू आवाजात विचारलं, "घरात कुणी गेलं का?"

"हो," मी म्हणालो. "बायको."

"अरेरे! ह्या स्फोटात?"

"नाही. महिना झाला."

शंकरच्या हातातला कांदा खाली पडून गडगडत गेला.

हवालदारानं झाकण कुकरशेजारी ठेवलं. मग विचारलं, "हे तिचं भांडं?"

"तिचंच. मला हात लावू द्यायची नाही."

"शहाणी होती बाई," तो म्हणाला आणि पंचनामा लिहायला बसला. 'स्फोटक दिसणारे विलायती भांडे, तारेसह.' दत्त्या आता उठला होता. अंगाला केळ्याचा चिकचिकाट. तो पुढं होऊन म्हणाला, "साहेब, काळजी करू नका. आमचं ठरलंच होतं. आजच यांना अंबरनाथला घेऊन जातो. पुन्हा तुम्हाला त्रास होणार नाही."

शब्द मीच दिला होता. पानात वरण पडलं नव्हतं. छतावर पडलं होतं. मी पलंगाखालची ट्रंक ओढायला वाकलो.

"कुठं नेताय?" हवालदार माझ्याकडे न बघता म्हणाला. "चौकशी पुरी होईपर्यंत ह्या इसमानं हा पत्ता सोडायचा नाही."

"किती दिवस लागतील?" दत्त्यानं विचारलं.

"सरकारी काम आहे. आम्ही कळवू."

असा कायदा माझ्या बाजूनं उभा राहिला! बाँब करणारा म्हणून का होईना, मी माझ्या खोलीत राहिलो. कुकरचं झाकण पुरावा म्हणून गेलं ते गेलंच. करी रोडपर्यंत बातमी पोचली की लालबागच्या एका म्हाताऱ्यानं सरकारविरुद्ध घरात बाँब बनवला आणि पोलिसांनी त्याची चव घेतली.

दुपारी शालिनी पदर खोचून भिंती पुसायला लागली. पुसत पुसत खिडकीजवळ आली आणि थांबली. त्या डागाकडे तिनं बघितलं, मग माझ्याकडे.

"मामंजी, एवढं राहू दे ना?"

"राहू दे," मी म्हणालो. मग डोळे पुसले. कांद्यांचा वास अजून होता.

उरलेली केळी खाऊन ती दोघं गेली. जाताना दत्त्या जिन्यात म्हणाला, "जपून राहा, बाबा." विषय पुन्हा काढला नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रीवयनीनं चहाचा कप आणला, तो मी परत धाडला. आता एकट्यानं राहायचं म्हणजे राहायचं! स्टोव्ह पेटवला, पंप बेतानं मारला, आधण ठेवलं, चहाची पूड सापडली. साखर सापडेना. फळीवर सगळे डबे एकाच जातीचे. एकात कुळीथ निघाले, एकात सोडे, एकात हळकुंडं, एकात माझ्या जुन्या सदऱ्यांची बटणं. आधण उकळून अर्धं झालं. शेवटी वैतागून मी नेहमीसारखा ओरडलो, "अगो, साखर खंय ठेवलंस?"

ओरडलो आणि तसाच उभा राहिलो, हातात डबा घेऊन.

मग भिंतीपलीकडून सावित्रीवयनीचा आवाज आला, "खालच्या फळीर, पितळेच्या डब्यात! तांदळाच्या मागे!" समोरच्या गॅलरीतून कोणतरी ओरडली, "चमचा आतच आहे हो!" आणि खाली नळावरून शंकर म्हणाला, "बाबा, एकच चमचा घाला! काकी तुम्हाला एकच घालायच्या!"

पस्तीस वर्षं मी ज्याला त्याला सांगत आलो की मला साखर दोन चमचे लागते, कमी घातली तर मला तेव्हाच कळतं. मी एकच घातला. चहा रोजच्यासारखा लागला. बंगल्याएवढ्या बॉयलरच्या वाफेतला सूक्ष्म फरक ओळखणारा माणूस मी, पण माझ्या कपात काय चाललंय ते अख्ख्या चाळीला ठाऊक होतं, मला सोडून!